अलर्ट बंद करताना : काही टिपणे

बँकेतल्या आमच्या मनी लाँडरिंगविरोधी विभागात नव्याने आलेली मुले पहिल्या आठवड्यात हमखास विचारतात, "सर, आपण पकडतो का?" नाही. आपण पकडत नाही, कुणाच्या घरी जात नाही, उलटतपासणी घेत नाही. ईडीवाले वेगळे, पोलीस वेगळे, इन्कम टॅक्सवाले वेगळे. आपण वाचतो आणि कळवतो. मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायदा २००२ चा, पण तो लागू झाला १ जुलै २००५ पासून. त्याआधी नोव्हेंबर २००४ मध्ये दिल्लीत फायनान्शियल इंटेलिजन्स युनिट, म्हणजे एफआययू, उभे राहिले होते. प्रत्येक बँकेने एक ‘प्रिन्सिपल ऑफिसर’ नेमायचा आणि त्याने ठरावीक माहिती या एफआययूला द्यायची, एवढीच ही रचना. हे सांगितले की मुलांचे चेहरे उतरतात. त्यांनी वेब सिरीज पाहिलेल्या असतात.

✱

प्रशिक्षणात मनी लाँडरिंगच्या तीन पायऱ्या शिकवतात. रोकड बँकेत घुसवायची, खात्याखात्यांतून फिरवून तिचा माग पुसायचा (हे ‘लेयरिंग’), आणि शेवटी जमीन, धंदा, कर्जफेड अशा सभ्य रूपात ती बाहेर काढायची. परीक्षेत हे जरूर लिहावे. टेबलावर कोणतीही पायरी नावाची पाटी लावून येत नाही.

✱

सकाळी सिस्टिम उघडली की रात्रभरात साठलेले अलर्ट समोर. सॉफ्टवेअरला नियम घालून दिलेले असतात : बरेच दिवस निपचित पडलेल्या खात्यात अचानक मोठी रक्कम आली, आलेली रक्कम लगेच अनेक खात्यांत वाटली गेली, ग्राहकाने सांगितलेल्या उत्पन्नाशी उलाढाल जुळत नाही. तिन्ही नियम एकाच खात्यावर वाजले की ते खाते यादीत सर्वांत वर.

आता समृद्धी महामार्ग घ्या. मुंबई ते नागपूर ७०१ किलोमीटर. त्यासाठी गावोगावच्या जमिनी गेल्या आणि मोबदला थेट खात्यावर आला. ज्या म्हाताऱ्याच्या खात्यात वर्षानुवर्षे पीककर्ज आणि कापसाचे पैसे यापलीकडे काही नव्हते, त्यात एका दुपारी मोठी रक्कम जमा. दुसऱ्या दिवशी ती दोन भावांना, एका पुतण्याला, ट्रॅक्टरच्या डीलरला, सराफाला गेली आणि वर भरपूर रोख काढली गेली. यंत्राच्या दृष्टीने याहून शुद्ध ‘लेयरिंग’ सापडणार नाही. गावाच्या दृष्टीने ही वाटणी. भूसंपादनाचा आदेश आणि सातबारा मागवून घेतला, आडनावे जुळली, अलर्ट बंद. (अशा वाटणीत बहिणीच्या खात्यातही हिस्सा गेलेला दिसला की, कामाचा भाग नसूनही, मला बरे वाटते. फार वेळा दिसत नाही.)

२०२३ च्या जुलैत टोमॅटोने किलोला शंभरी ओलांडली. जुन्नर-नारायणगाव पट्ट्यातल्या ज्या शेतकऱ्यांच्या हाती त्या महिन्यात माल होता, त्यांच्या खात्यांत आयुष्यात न पाहिलेल्या रकमा आल्या. ज्या अधिकाऱ्याला त्या दिवसाचा टोमॅटोचा भाव माहीत नाही, तो त्या माणसाला संशयित ठरवून मोकळा होईल. ज्याला माहीत आहे, तो आडत्याची पट्टी मागवेल. या नोकरीच्या जाहिरातीत बाजारभाव वाचण्याची अट कुणी घालत नाही. घालायला हवी.

✱

याची उलटी बाजूही आहे. शेतीचे उत्पन्न करमुक्त, म्हणून ज्याला त्याला शेतकरी व्हायचे असते. शहरात तीन दुकाने, गावाकडे दोन एकर कोरडवाहू, आणि खात्यात दरवर्षी येणारी रोकड ‘शेती’ या एका शब्दात बसवलेली. अशा वेळी मी शाखेला एवढेच विचारायला सांगतो : पीक कोणते, क्विंटल किती, वजनाची पावती कुठे? दोन एकर ज्वारीने कुणाचे बंगले बांधलेले मी पाहिलेले नाहीत.

✱

भिशी. बारा-पंधरा बायका, दर महिन्याला सारखीच रक्कम, सगळ्यांकडून एकीच्या खात्यात. दोन दिवसांत ती सगळी दुसऱ्याच एकीच्या खात्यात. पूर्वी हे रोखीने, चहा-पोह्यांसोबत व्हायचे. यूपीआय आल्यापासून ते आमच्या पडद्यावर दिसते आणि हुबेहूब टोळीसारखे दिसते. नॅरेशनमध्ये कुणीतरी ‘भिशी’ लिहिलेले असले तर पाच मिनिटांत काम होते. ‘हॅपी दिवाळी’ लिहिलेले असले तर अर्धा दिवस जातो.

✱

दहा लाखांच्या वरच्या रोख व्यवहारांचा अहवाल, सीटीआर, पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत एफआययूला जातो. हा निव्वळ हिशेब. त्यात संशय घेण्याचा प्रश्न नाही, सिस्टिम आपोआप काढते. हे आता सगळ्यांना माहीत झाले आहे, त्यामुळे नऊ लाख नव्वद हजारांचे भरणे दिसतात. तसेच पन्नास हजारांच्या वर पॅन मागायची पद्धत बँकांत इतकी मुरली की एकोणपन्नास हजारांच्या स्लिपांची चळतच्या चळत येते. पण एकमेकांशी जोडलेले छोटे रोख व्यवहार महिन्याभरात मिळून दहा लाखांच्या वर गेले तर त्यांचाही सीटीआर होतो, हे नियमातच लिहिलेले आहे. शिवाय रक्कम मर्यादेच्या अंगाला चिकटून राहते हेच संशयाचे कारण. ज्याने सरळ अकरा लाख भरले असते आणि पॅन दिला असता, त्याच्याकडे कुणी दुसऱ्यांदा पाहिले नसते.

✱

संशयास्पद व्यवहाराचा अहवाल, एसटीआर, ही मात्र माणसाने लिहायची गोष्ट आहे. त्यात रकमेची अट नाही. व्यवहार झाला नाही, फक्त प्रयत्न झाला, तरी तो लिहिता येतो. ‘संशयाचे कारण’ या रकान्यात नवीन माणूस लिहितो : "सदर खात्यातील व्यवहार संशयास्पद वाटल्याने." मी ते परत पाठवतो. दिल्लीत बसलेल्या विश्लेषकाला तुमचे वाटणे काय कामाचे? खाते कधी उघडले, व्यवसाय काय सांगितला, पैसा कुठून आला, किती वेळ थांबला, कुठे गेला, शाखेने काय विचारले, ग्राहकाने काय उत्तर दिले, ते उत्तर कोणत्या कागदाशी जुळत नाही. क्रमाने, साध्या वाक्यांत. मराठी माध्यमात शिकलेल्या ज्या पोरांना ‘प्रसंगलेखन’ येत असे, ती हे चांगले लिहितात. एमबीएवाले मुद्दे पाडतात.

✱

शाखाधिकाऱ्याचा फोन.

"साहेब, ते अमुक खाते तुम्ही काढलंय ना? पंधरा वर्षांचे ग्राहक आहेत. त्यांनाच सरळ विचारून घेतो ना, की वरून शंका आलीय."

"तसं बोलायचं नाही."

"अहो पण घरचे संबंध आहेत."

"म्हणूनच बोलायचं नाही. केवायसी नूतनीकरण बाकी आहे, जीएसटीचे रिटर्न आणि दोन-चार बिलं द्या म्हणावं. एवढंच."

"आणि त्यांनी विचारलं का म्हणून?"

"तर नियम आहे म्हणायचं. खोटं नाही ते."

ग्राहकाबद्दल अहवाल गेला आहे किंवा जाणार आहे, हे त्याला कळू देणे हा कायद्याचा भंग आहे. अहवाल गेला म्हणून खाते बंदही पडत नाही. त्या माणसाला काउंटरवर पूर्वीसारखाच नमस्कार करायचा, त्याचा चेक वटवायचा, त्याच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका घ्यायची. शाखेतल्या लोकांना हे आमच्यापेक्षा फार जड जाते. आमच्यासाठी तो खाते क्रमांक असतो.

✱

नावांची यादी हा वेगळाच ताप. खाते उघडताना आणि नंतरही प्रत्येक नाव संयुक्त राष्ट्रांच्या निर्बंध यादीशी ताडून पाहावे लागते. दाऊद इब्राहिमचे नाव त्या यादीत २००३ पासून आहे, टोपणनावांसकट. आता रत्नागिरी-रायगडच्या किनाऱ्यावर दाऊद आणि इब्राहिम ही घरोघरची नावे. मासेमारी करणारा, आखातात ड्रायव्हर असलेला, निवृत्त शिक्षक, सगळे सिस्टिममध्ये अडकतात. जन्मतारीख, वडिलांचे नाव, पासपोर्ट पाहून सोडायचे असतात आणि सोडतोही. पण घरी पाठवलेले पैसे दर वेळी अर्धा दिवस का थांबतात हे त्या ड्रायव्हरला कुणी समजावून सांगत नाही. जोशी-कुलकर्ण्यांना हा अर्धा दिवस कधी द्यावा लागत नाही. एकदा तपासून सोडलेले नाव त्याच यादीसाठी पुन्हा पुन्हा न अडकवण्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये करता येते. ती करून घेणे हे अधिकाऱ्याचे काम आहे, ग्राहकाच्या नशिबाचे नाही.

✱

‘पीईपी’, म्हणजे राजकीयदृष्ट्या वजनदार व्यक्ती. अशांच्या खात्यांवर जादा लक्ष ठेवायचे असते. मुलांना वाटते, म्हणजे आमदारसाहेब. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशातली व्याख्या, जानेवारी २०२४ च्या स्पष्टीकरणासकट, परदेशाने महत्त्वाचे सार्वजनिक पद दिलेल्या व्यक्तींची आहे. कुठल्यातरी देशाचा माजी मंत्री आमच्या शाखेत खाते उघडायला आला तर आम्ही सज्ज आहोत. आपल्या तालुक्यातला माजी मंत्री या व्याख्येत बसत नाही. बँक आपल्या धोरणात त्याला ‘जास्त जोखमीचा’ ठरवू शकते. ठरवते का, हे बँकेच्या संचालक मंडळावर कोण बसले आहे यावर अवलंबून.

✱

कंपनीचे खाते असेल तर तिच्यामागचा खरा मालक शोधायचा. पूर्वी २५ टक्क्यांहून जास्त वाटा असलेला माणूस शोधावा लागे, मार्च २०२३ पासून १० टक्के. कागदावर मालक ड्रायव्हर किंवा स्वयंपाकीणबाई निघाली की समजावे, आणखी वर चढायचे आहे.

✱

परदेशातली उदाहरणे मुलांना आवडतात, कारण आकडे मोठे असतात. मला त्यातले एकच पुन्हा पुन्हा सांगावेसे वाटते. मार्टिन वूड्स हे लंडन पोलिसांतून आलेले गृहस्थ अमेरिकेच्या वाकोव्हिया बँकेच्या लंडन कार्यालयात हेच काम करत होते. मेक्सिकोतल्या पैसे बदलून देणाऱ्या दुकानांकडून येणारे ट्रॅव्हलर्स चेक त्यांनी पाहिले. रकमा पर्यटकाला न शोभणाऱ्या, आणि क्रमांक ओळीने एकामागून एक. सुट्टीवर आलेले लोक क्रमवार चेक घेऊन फिरत नाहीत. त्यांनी अहवाल पाठवले. बँकेने शाबासकी दिली नाही, उलट त्यांच्यावरच शिस्तभंगाची पावले उचलली. पुढे २०१० मध्ये बँकेने अमेरिकी सरकारशी तडजोड करून १६ कोटी डॉलर भरले. २००४ ते २००७ या काळात त्या दुकानांच्या ३७८ अब्ज डॉलरच्या व्यवहारांवर तिने नीट लक्ष ठेवले नव्हते. तोवर ती बँक वेल्स फार्गोने विकतही घेतली होती.

वूड्स यांच्याकडे कोणते खास सॉफ्टवेअर नव्हते. चेकवरचे क्रमांक वाचण्याचे कष्ट त्यांनी घेतले.

✱

एचएसबीसीच्या मेक्सिकोतल्या शाखांत अमली पदार्थांच्या टोळ्यांची माणसे काउंटरच्या खिडकीच्या मापाच्या पेट्या बनवून घेऊन येत, नोटा झटपट सरकवता याव्यात म्हणून. २०१२ मध्ये बँकेने १.९ अब्ज डॉलर मोजले. खिडकीच्या पलीकडे बसलेल्या कॅशियरला ती पेटी दिसत नव्हती असे कोण म्हणेल? त्याचे ऐकून घेणारे वर कुणी नव्हते, एवढेच.

✱

डान्स्के बँकेची एस्टोनियातली शाखा. चिमुकली. २००७ ते २०१५ या काळात तिच्यातून परदेशस्थ ग्राहकांचे सुमारे २०० अब्ज युरो गेले. हॉवर्ड विल्किन्सन यांनी २०१३ मध्ये वरिष्ठांना लेखी कळवले. त्यांनी केले काय, तर एका ब्रिटिश कंपनीने सरकारदरबारी दाखल केलेला ताळेबंद काढला. कंपनी म्हणते ‘आमचा काहीच व्यवहार नाही’, आणि इकडे खाते भरून वाहते आहे. ही तपासणी आपल्याकडेही कुणी करू शकतो. कंपनी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर थोडे शुल्क भरून कुठल्याही कंपनीचे ताळेबंद पाहता येतात. किती जण पाहतात?

✱

टीडी बँक, ऑक्टोबर २०२४. दंड तीन अब्ज डॉलरहून जास्त. त्यातला एक बारीक तपशील : एका टोळीने बँकेच्या कर्मचाऱ्यांना ५७ हजार डॉलरहून अधिक किमतीची गिफ्ट कार्डे वाटली होती. आपल्याकडे दिवाळीत सुकामेव्याचा डबा येतो. तुलना करू नये, पण डब्यावर कुणाचे कार्ड आहे ते वाचावे.

✱

अधिकाऱ्याच्या स्वतःच्या मानेबद्दल. मनीग्राम या पैसे पाठवणाऱ्या अमेरिकी कंपनीचे अनुपालन प्रमुख थॉमस हेडर यांना २०१४ मध्ये व्यक्तिशः दहा लाख डॉलरचा दंड ठोठावला गेला. लोकांना फसवणारे एजंट ठाऊक असून त्यांना काढले नाही, हा आरोप. २०१७ मध्ये अडीच लाख डॉलर आणि तीन वर्षांची बंदी यावर तडजोड झाली. ही बातमी आली तेव्हा जगभरच्या आमच्या जमातीने ती दोनदा वाचली असणार. आपल्याकडेही कायद्याच्या कलम १३ खाली नियुक्त संचालकावर आणि कर्मचाऱ्यावर दंड होऊ शकतो.

याचा परिणाम मात्र विचित्र होतो. माणूस आपली मान वाचवायला लागतो. शंका असो-नसो, अहवाल पाठवून मोकळा होतो. ८ नोव्हेंबर २०१६ ला पाचशे-हजाराच्या नोटा रद्द झाल्या. त्याआधीच्या वर्षात देशभरातून एफआययूकडे एक लाखाच्या आसपास एसटीआर गेले होते. २०१६-१७ मध्ये पावणेपाच लाखांच्या घरात, आणि २०१७-१८ मध्ये चौदा लाखांहून अधिक. त्यातले पुष्कळ खरे असतील. पण एवढ्या ढिगाऱ्यात कामाचा अहवाल शोधायचा कुणी? रद्द नोटांपैकी ९९.३ टक्के बँकांत परत आल्या, असे रिझर्व्ह बँकेनेच पुढे सांगितले. म्हणजे पैसा आत आला, रांगेत उभा राहून आला, आणि त्याच्यासोबत आमचे अहवालही ढिगाने गेले.

माझे मत स्पष्ट आहे. ज्याला अलर्ट बंद करायचे धैर्य नाही, त्याच्या अहवालालाही किंमत नाही. ‘मी पाहिले, हे कागद पाहिले, म्हणून शंका नाही’ अशा चार ओळी स्वतःच्या सहीने लिहिणे हे या नोकरीतले सर्वांत अवघड काम, आणि दिवसाचा बहुतेक वेळ त्यातच जातो. त्यासाठी पगारवाढ मिळत नाही.

✱

अहवाल गेल्यावर काय होते? आमच्या बाजूने पाहिले तर काही नाही. कधी वर्षा-दोन वर्षांनी एखाद्या तपास यंत्रणेचे पत्र येते, अमुक खात्याचा उतारा प्रमाणित करून द्या. क्रमांक ओळखीचा वाटतो. उतारा दिला जातो. बाकी वर्तमानपत्रात आले तर आले.

✱

छोट्या सहकारी बँकांत हा अधिकारी बहुधा एकटा असतो आणि त्याच्याकडे आणखी दोन-तीन खाती असतात, कधी वसुली, कधी चक्क मार्केटिंग. सकाळी ठेवी आणायच्या आणि दुपारी त्याच ठेवींवर शंका घ्यायची. हे जमत नाही. कुणालाच जमणार नाही. नियम सांगतो की प्रिन्सिपल ऑफिसर व्यवस्थापन पातळीवरचा असावा. तो पातळीवर असून भागत नाही. त्याने शंका घेतल्यावर ठेव गेली तर अध्यक्षांनी ते सोसायला हवे.

✱

सध्या टेबलावर येणाऱ्यांत सर्वांत जास्त असतात ‘म्यूल’, म्हणजे दुसऱ्याच्या पैशासाठी वापरलेली खाती. खातेदार एकोणीस-वीस वर्षांचा, कॉलेजातला किंवा नुकताच कामाला लागलेला. खाते उघडल्यावर दोन महिने शांतता, मग एका सकाळी वेगवेगळ्या राज्यांतून रकमा, आणि काही मिनिटांत त्या पुढे पसार. शिल्लक दोन-अडीचशे रुपये. पलीकडे कुठेतरी ‘डिजिटल अरेस्ट’च्या धाकाने आयुष्याची पुंजी पाठवून बसलेले निवृत्त दांपत्य असते. ही खाती हुडकायला रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हबने २०२४ च्या अखेरीस ‘म्यूलहंटर’ नावाची प्रणालीही आणली.

बोलावून घेतल्यावर मुलगा सांगतो : एका ओळखीच्याने पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम असा ‘किट’ मागितला, महिन्याला काही हजार देतो म्हणाला. "मी काही केलं नाही, नुसतं खातं दिलं." त्याचे म्हणणे खरे असते आणि त्याने सुटका होत नाही. सूत्रधाराचे नाव कुठेच नसते. केवायसीत फोटो, आधार, पत्ता सगळा या मुलाचा. दुसऱ्या राज्याचे पोलीस पहिल्यांदा त्याच्याच घरी येतात.

म्हणून घरात नुकते खाते उघडलेले कुणी असेल तर आजच विचारून घ्या, कार्ड आणि सिम त्याच्याच जवळ आहे ना. खाते भाड्याने दिले असेल तर लगेच शाखेत जाऊन लेखी कळवा. आणि तुमचेच पैसे गेले असतील तर बँकेला कळवा आणि १९३० वर फोन करा. पैसा त्या खात्यात काही मिनिटेच थांबतो.